अंधाराची बाजू

प्रकाश मागण्याचा मनुष्याचा हक्क फार जुना आहे; परंतु अंधार मागण्याचा हक्क त्याला आहे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. बृहदारण्यक उपनिषदातील ऋषीने अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची जी प्रार्थना केली ती आपण लहानपणापासून म्हणत आलो आहोत. देवापुढे दिवा लावल्यावाचून आपली संध्याकाळ होत नाही आणि दिवाळीसारखा थोर सण आपण दिव्यांच्याच नावाने ओळखतो. अशा समाजात अंधाराची तरफदारी करणारा मनुष्य एक तर चोर असावा किंवा विक्षिप्त, असे कोणास वाटल्यास आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु आम्ही व्यवसायाने वकील आहोत, आणि ज्या पक्षकाराचे वकीलपत्र कोणीच घेत नाही त्याची बाजूही एकदा नीट मांडली जावी, ही आमच्या व्यवसायाची शिकवण आहे.

सुरत शहराच्या पूर्वेकडील पर्वत पाटिया ह्या भागात आमचे राहणे आहे. 'पाटिया' म्हणजे मुख्य रस्त्यावरून गावाकडे वाट फुटते तेथला पाटी लावलेला फाटा. नावात पर्वत असला तरी सभोवार तापीकाठची सपाट भूमीच आहे. कापडाच्या व्यापाराने ही वस्ती वाढविली. जवळच्या लिंबायत आणि डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. कोणी मागावर, कोणी साड्यांच्या बाजारात, कोणी टेंपोवर. येथे रात्र होते ती घड्याळात. आकाशात होत नाही. दिवेलागणीनंतर वर पाहावे तो काळ्याऐवजी करडा, धुरकट, पिवळसर पांढरा घुमट दिसतो. चंद्र, गुरू, शुक्र, व्याध एवढे थोर लोक त्यातूनही दर्शन देतात. बाकीची प्रजा बेपत्ता असते.

ही प्रजा किती मोठी आहे, ह्याची कल्पना शहरात वाढलेल्या मुलास असत नाही. निर्मळ अंधारात नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे सहज दिसावेत. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम प्रकाशाच्या जागतिक नकाशाने असे दाखवून दिले, की जगातील सुमारे तृतीयांश माणसांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. पुढे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून, 2011 ते 2022 ह्या काळात रात्रीचे आकाश दरसाल सरासरी जवळजवळ दहा टक्क्यांनी उजळत गेल्याचे आढळले. ह्या गतीने पाहता, मूल जन्मले त्या दिवशी जेवढे तारे दिसत होते त्यांपैकी निम्म्याहून अधिक ते मूल सज्ञान होईतो नाहीसे व्हावयाचे. आणि ही हानी अशी आहे, की ज्याची झाली त्यालाच तिची खबर नाही. जे कधी पाहिलेच नाही ते हरवले म्हणून फिर्याद कोणी करावी?

एका ताऱ्याचे उदाहरण घेऊ. चैत्र-वैशाखाच्या संध्याकाळी उत्तरेकडे सप्तर्षी वर चढलेले असतात. त्यांच्या शेपटीतील मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला बिलगून असलेली बारीक ठिणगी ती अरुंधती. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा आहे, अरुंधती चौथ्या प्रतीची. म्हणजे ती त्याच्याहून पाच-सहा पटींनी मंद. उजळलेल्या शहरी आकाशात नुसत्या डोळ्यांची धाव साधारण तिसऱ्या-चौथ्या प्रतीपाशी संपते. अर्थात् वसिष्ठ दिसतो आणि अरुंधती नेमकी उंबरठ्यावर अडते.

विवाहविधीत वधूवरांना ध्रुवाचे आणि अरुंधतीचे दर्शन घडवावयाचे असते. दिवसाच्या मुहूर्तावर लागलेल्या लग्नात उपाध्याय सूर्यप्रकाशातच आकाशाकडे बोट दाखवितात, ते आपण संकेत म्हणून मान्य केले आहे. परंतु रात्रीही, कार्यालयाच्या अंगणात प्रखर दिव्यांच्या झोतात उभे राहून, तेच बोट त्याच रिकाम्या जागेकडे वळते आणि वधूवर 'दिसली' म्हणून मान हलवितात. पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम असा, की पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ज्याने ती स्वतः पाहिली त्यानेच द्यावी. संसाराच्या पहिल्याच दिवशी न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष द्यावी लागते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याइतकी लहान आम्हांला वाटत नाही.

ह्याच ताऱ्यावरून आपल्या शास्त्रकारांनी स्थूलारुंधतीन्याय सांगितला आहे. बारीक अरुंधती एकदम दिसत नाही म्हणून आधी जवळचा मोठा तारा 'हीच अरुंधती' असे सांगून दाखवावा, दृष्टी स्थिरावली की मग खऱ्या अरुंधतीकडे न्यावे. स्थूलाकडून सूक्ष्माकडे जाण्याची ही शिडी आहे. आता शिडीची वरची पायरीच पुसली गेली, तर पाहणारा स्थूलापाशीच थांबेल, आणि त्यालाच सूक्ष्म समजून घरी जाईल. आमच्या मते अंधाराच्या प्रश्नाचे नैतिक मर्म ह्यात आहे. अतिप्रकाशात पहिला बळी जातो तो मंद गोष्टींचा. जे ठळक आहे तेवढेच खरे मानण्याची सवय डोळ्यांना लागली, की ती मनालाही लागावयास वेळ लागत नाही.

ह्यावर विरुद्ध पक्ष काय म्हणेल ते आम्ही जाणतो, आणि त्याचे म्हणणे हलके नाही. रात्रपाळी संपवून बाई एकटी घराकडे निघते. तिला गल्लीच्या टोकापर्यंतचा रस्ता दिसला पाहिजे. उघडे गटार, बसलेले कुत्रे, उभी हातगाडी वेळीच दिसली पाहिजे. तुमच्या गच्चीवरील दोन घटकांच्या मौजेसाठी तिने अंधारात चालावे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: मुळीच नाही. तिची सुरक्षितता आणि आमचे तारे ह्यांतून एकच निवडावयाचे असेल, तर दिवा राहील आणि आम्ही आडोसा शोधू. ज्या तत्त्वाची किंमत दुसऱ्यानेच, आणि तीही आपल्याहून दुबळ्याने, मोजावयाची, ते तत्त्व नव्हे.

परंतु निवड अशी आहे हेच मुळी खरे नाही. रस्त्यावरचा दिवा खाली पाहील तर त्या बाईच्या पायांपुढे प्रकाश पडतो. तो आडवा पाहील तर तिच्या डोळ्यांत पडतो, आणि डोळे दिपले की दिव्यापलीकडच्या सावलीत कोण उभे आहे ते तिला दिसत नाही. मोतीबिंदू झालेल्या वृद्धाला तर ही तिरीप अधिकच आंधळे करते. आडव्या रेषेच्या जवळपास सुटलेला प्रकाश हवेतून दूरवर जातो, धुळीवर आणि वाफेवर विखुरतो, आणि साऱ्या शहरावर तो करडा घुमट उभारतो. निळसर पांढरा प्रकाश पिवळ्याहून अधिक विखुरतो. 2015 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदीप कार्यक्रमानंतर देशभर जुने पिवळे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी दिवे आले. विजेची मोठी बचत झाली. हा दिवा अपराधी नव्हे. उलट त्याची दिशा बांधणे आणि उत्तररात्री त्याचे तेज उतरविणे जुन्या दिव्यापेक्षा सोपे आहे. अपराध आहे तो त्याला टोपी न घालण्याचा आणि गरजेहून अधिक पांढरा, अधिक प्रखर दिवा हौसेने निवडण्याचा. तेव्हा खटला प्रकाश विरुद्ध अंधार असा नसून, कामाचा प्रकाश विरुद्ध उधळलेला प्रकाश असा आहे. त्या बाईचे आणि तारे पाहणाऱ्याचे हित एकाच बाजूस आहे.

कायद्याचे याबाबतीत काय म्हणणे आहे, असे आम्हांला कोणी विचारील. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे, घराच्या खिडकीतून येणारा उजेड वीस वर्षे निर्वेधपणे हक्काने उपभोगला, तर तो मिळत राहण्याचा हक्क प्राप्त होतो. अंधार वीस वर्षे काय, वीस पिढ्या उपभोगला तरी त्याचा तसा हक्क उत्पन्न होत नाही. शेजाऱ्याचा झोत खोलीत येऊन झोप उडवू लागला, तर उपद्रवाचा दावा लावता येईल. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली रामलीला मैदान प्रकरणात झोपेला जगण्याच्या हक्काचा भाग मानले आहे. गोंगाटासाठी तर 2000 सालापासून स्वतंत्र नियम आहेत. इंग्लंडने 2005 साली उपद्रवी कृत्रिम प्रकाश कायद्याच्या कक्षेत आणला, फ्रान्सने 2018 साली बाहेरच्या दिव्यांसाठी नियम केले. आपल्या कायद्याने कानांची काळजी घेतली. डोळ्यांची पाळी अजून यावयाची आहे.

तथापि वीस वर्षांच्या वकिलीनंतर आमचे असे मत झाले आहे, की अंधार हा हक्काच्या भाषेत नीट बसत नाही. हक्काला मालक लागतो, आणि रात्रीला मालक नाही. 1996 साली मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जे सार्वजनिक विश्वस्तपणाचे तत्त्व स्वीकारले, त्याचे मूळ रोमन कायद्यातील ह्या विचारात आहे, की हवा, वाहते पाणी आणि समुद्र ही सर्वांची आहेत. रात्रीचे आकाशही त्याच पंक्तीत बसावयास हवे. जे सर्वांचे आहे त्याविषयी 'माझा हक्क' म्हणण्याआधी 'माझे कर्तव्य' म्हणावे लागते. ते कर्तव्य साधे आहे: माझा दिवा माझ्या अंगणात राहावा.

हे अशक्य नाही, ह्याचा दाखला मराठी मुलखातच आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील काही गावांचे शंभराहून अधिक दिवे बदलून खाली पाहणारे बसविण्यात आले. गावे अंधारात बुडाली नाहीत. रस्ते उजळ राहिले, आकाश तेवढे काळे झाले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु आकाश पाहण्यासाठी पेंचला किंवा लडाखातील हानलेला जाण्याइतके पैसे आणि सवड ज्यांना आहे त्यांनीच ते पाहावे, अशी व्यवस्था आमच्या मनास पटत नाही. लिंबायतच्या मुलाला आकाश त्याच्या घरावरच मिळाले पाहिजे.

तोवर घरच्या घरी काय करता येईल? पुष्कळ करता येईल. डोळ्यांना अंधाराची ओळख पटावयास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एक प्रखर झोत ती ओळख क्षणात मोडतो. म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत, रस्त्याच्या दिव्याकडे पाठ करून बसावे. कठड्याला दोरी बांधून जाड काळे कापड टाकावे. नकाशा पाहावयास विजेरीवर लाल कागद लावावा. मोबाइल खाली ठेवून यावे. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर, आश्विनापासून पुढे, अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात. क्षितिजाचा नाद सोडून डोक्यावरचे आकाश पाहावे, तेथे करडेपणा सर्वांत कमी असतो. साधी दुर्बीण असेल तर कृत्तिकांचा पुंजका आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती शहरातूनही दिसते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या 'ज्योतिर्विलास' ह्या पुस्तकाला 'रात्रीची दोन घटका मौज' असे दुसरे नाव दिले होते. 1944 साली पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, पुढे मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्री जागविल्या. ही मौज मराठी माणसाला नवी नाही. तिच्यासाठी आता थोडी खटपट करावी लागते, इतकेच.

परंतु आडोसा हा उपाय झाला, न्याय नव्हे. आणि न्यायाचा आरंभ आपल्या घरापासून, त्याहीपेक्षा आपल्या देवळापासून करावा अशी आमची विनंती आहे. अलीकडे देवळांच्या शिखरांवर खालून वर सोडलेले झोत दिसतात. ते कळसाला लागतात थोडे आणि आकाशात जातात फार. गोमंतकातील आपल्या देवळांच्या दीपमाळा आठवाव्यात. उत्सवाच्या रात्री पणत्या उजळतात, तेल संपले की विझतात, आणि रात्र रात्रीला परत मिळते. गाभाऱ्यात तर पूर्वजांनी नंदादीपाएवढाच उजेड ठेवला. तो उजेड टंचाईचा होता असे आम्हांला वाटत नाही. देवाचे मुख पाहावयास भक्ताने दाराशी क्षणभर थांबावे, डोळे निवू द्यावेत, आणि मग त्या मंद ज्योतीत हळूहळू मूर्ती प्रकट व्हावी, ह्यात दर्शनाचाच एक धडा आहे. तारा दिसतो तोही असाच. मनुस्मृतीने सायंसंध्या नक्षत्रे स्पष्ट दिसेपर्यंत करावयास सांगितली. नक्तव्रताचे भोजनही नक्षत्रदर्शनानंतर. ह्या नियमांत आकाश दिसेल हे गृहीत धरलेले होते.

देवालयाच्या विश्वस्तमंडळाच्या पुढील बैठकीत एवढा एकच विषय ठेवावा: शिखरावरचे झोत शेजारतीनंतर मालवावेत, आवारातील दिव्यांना वरून टोपी घालावी, आणि पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे बसवावेत. खर्च थोडा आहे, आणि कोणाच्या वाटेवरचा उजेड त्यामुळे कमी व्हावयाचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील रात्रिसूक्तात रात्रीला देवी म्हटले आहे, आणि तारे हे तिचे डोळे मानले आहेत. आपण दिवे लावतो ते आपल्याला दिसावे म्हणून. त्या दिव्यांनी देवीचेच डोळे झाकले जात असतील, तर दिव्याची वात थोडी खाली ओढणे हाही पूजेचाच एक भाग समजावा.