पाणी समुद्राचं, पाऊल कुणाचं?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६१ ते ६३.

६१व्या श्लोकात भगवंत सांगतात की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात राहतो आणि यंत्रावर बसवल्यासारखं प्रत्येकाला फिरवतो. दोनच श्लोकांनंतर तेच भगवंत अर्जुनाला म्हणतात, नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. माझ्यातल्या इंजिनिअरला इथे बग दिसायचा. फिरवणारा तो असेल, तर मी विचार करून काय होणार? आणि ठरवणारा मी असेन, तर यंत्राची गोष्ट कशाला?

या प्रश्नात मला एका प्राण्याने मदत केली. तारामासा. नावात मासा असला तरी हा मासा नाही. मुंबईच्या वाळूच्या किनाऱ्यांवरसुद्धा तो आहे. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी २०१७ पासून जुहू, हाजी अली अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावरचे जीव दाखवतात. अंधेरीहून जुहूला आपण भेळ खायला जातो, पण पायाखाली कोण राहतं ते बघत नाही.

तारामाशाला मेंदू नाही. तरी तो चालतो, आणि चालतो तो पाण्याच्या दाबावर. त्याच्या पाठीवर चाळणीसारखी एक बारीक चकती असते. तिथून समुद्राचं पाणी आत येतं, तोंडाभोवतीच्या गोल नळीत जातं, तिथून प्रत्येक हातातल्या लांब नळीत आणि शेवटी हातांखालच्या शेकडो छोट्या पायांत. प्रत्येक पायाच्या वर एक इवलीशी पिशवी असते. पिशवीचे स्नायू आवळले की झडप बंद होते, पाणी मागे जाऊ शकत नाही, मग ते पायात उतरतं आणि पाय लांब होतो. पायाचे स्नायू आवळले की पाणी परत पिशवीत. मेट्रोच्या कामावरचा जेसीबी तेलाच्या दाबावर हात हलवतो ना, तसंच. फक्त इथे तेलाच्या जागी समुद्र आहे. म्हणूनच बहुधा तारामासा आणि त्याचे सगळे भाऊबंद, म्हणजे समुद्री साळिंदर, समुद्री काकडी वगैरे, खाऱ्या पाण्यातच राहतात. गोड्या पाण्यात यांच्यातला एकही नाही.

आता बघा. पाणी नसेल तर पाय लुळा. ती ताकद तारामाशाने तयार केलेली नाही, ती बाहेरून आली. पण आत नुसतं पाणी भरून पाऊल पडत नाही. कुठली पिशवी आवळायची, पाय कुठल्या बाजूला वळवायचा, हे समुद्र करत नाही. ते स्नायू त्याचे स्वतःचे.

मला वाटतं, ६१ आणि ६३ यांच्यात भांडण नाहीच. शक्ती त्याची, दिशा माझी. एकाच पावलात दोन्ही.

हे नुसतं शब्दांचं कोडं नाही. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या एका मित्राची नोकरी गेली. यादीत त्याचं नाव घालणाऱ्या साहेबांनीच त्याला सांगितलं, "देवाची इच्छा रे. तो बघेल तुझं." मित्राने नोकरी शोधली, मिळालीसुद्धा. पण त्या दिवसापासून देव्हाऱ्यासमोर बसणं त्याने सोडलं. साहेबांचा राग आला असता तर तो कधीतरी निवळला असता. साहेबांनी तो राग देवाच्या खात्यावर टाकला.

कुणी म्हणेल, यश मिळालं की "त्याची कृपा" आणि कुणाला दुखावलं की "जबाबदारी माझी", हा दुटप्पीपणा झाला. नाही. नियम दोन्हीकडे एकच आहे. यशातही धडपड माझी होती, ती नाकारायची गरज नाही. फक्त बुद्धी, तब्येत, आईवडिलांनी भरलेली फी, हे पाणी माझं नव्हतं, म्हणून कृतज्ञता. आणि दुखावतानाही ताकद त्याचीच होती, पण ती कुणावर वापरायची हे मी ठरवलं, म्हणून उत्तर मीच द्यायचं.

एक फरक मात्र विसरू नका. तारामाशाला कुणी "विचार कर" असं सांगितलेलं नाही. आपल्याला सांगितलंय. यंत्राचा दृष्टांत तिथे संपतो आणि माणूसपण तिथे सुरू होतं.

आजचा संकल्प : "देवाची इच्छा" हे शब्द आज फक्त स्वतःच्या वाट्याला आलेल्या गोष्टीसाठी वापरायचे. दुसऱ्याच्या वाट्याला आपण जे देतो, त्यासाठी नाही. आणि जुहूला तारामासा दिसलाच तर सेल्फीसाठी पाण्याबाहेर काढू नका. ते पाणीच त्याचे पाय आहेत.

राम कृष्ण हरी!