चूक कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आप्तांच्या घरी जाणे झाले. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन हायस्कुलात गेली होती. आठवीच्या वर्षात संगणकाच्या तासाला काय शिकलीस, असे मी सहज विचारले. तिने वही पुढे केली. पहिल्या पानांवर कळफलक, माऊस व पडदा यांची चित्रे होती. पुढे एक त्रिकोण होता आणि त्याच्या शेजारी काट मारलेली एक अर्धवट आकृती.

त्या आकृतीची हकिकत ऐकण्याजोगी आहे. 'लोगो' ही संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी घडविली. पडद्यावरील कासवाला 'इतके पुढे जा', 'इतके अंश वळ' अशा आज्ञा द्यावयाच्या. ते जाईल तशी रेघ उमटते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे मुलीला भूमितीमुळे ठाऊक होते. म्हणून तिने तीन वेळा '१०० पुढे जा, ६० अंश वळ' असे सांगितले. त्रिकोण मिटलाच नाही; अर्धा षटकोन तेवढा उमटला. "सर, कॉम्प्युटर बिघडला!" ती म्हणाली. सरांनी तिला मैदानात नेऊन आखलेल्या त्रिकोणावरून चालावयास लावले. कोपऱ्यावर येताच तिला उमगले की, चालणाऱ्याला आतल्या नव्हे, बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंश वळावे लागते. यंत्राने सांगितले तेच केले होते. सांगणेच चुकले होते.

हा धडा भूमितीचा खराच. पण त्याहून अधिक तो नीतीचा आहे. गणनयंत्राचे जनक चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ च्या आत्मकथनात एक आठवण नोंदविली आहे. यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल काय, असे त्यांना दोनदा विचारण्यात आले होते. असा प्रश्न सुचतोच कसा, याचे त्यांना नवल वाटले. आपण मात्र अजून तसेच वागतो.

त्याच घरातील आजींचे उदाहरण घ्या. जन्मभर निंदणी-वेचणी करून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही. "मशीन घेत नाही, मी काय करू?" असे ऐकून त्या एकदा रिकाम्या पिशवीने परतल्या. यंत्राने अंगठा ओळखला नाही, हे खरे. पण न ओळखल्यास म्हातारीला उपाशी ठेवावे, हा निर्णय यंत्राचा नव्हता.

ब्रिटनमध्ये याचे मोल फार मोठे पडले. 'होरायझन' या संगणकप्रणालीने हिशेबात खोट्या तुटी दाखविल्या. १९९९ ते २०१५ या काळात टपाल कार्यालये चालविणाऱ्या ९०० हून अधिक जणांना दोषी ठरविण्यात आले. काही तुरुंगातही गेले. २०२४ साली कायदा करून शेकडो जणांचा दोष पुसावा लागला. माणसाच्या शब्दाहून पडद्यावरचा आकडा खरा मानला गेला, हे त्यामागचे एक मोठे कारण.

कोणी म्हणेल, "समोर बसलेल्या कारकुनाने ती प्रणाली लिहिली नाही, त्याला दोष का?" लिहिण्याचा दोष त्याला नाहीच. पण "यात चूक असू शकते, मी वर कळवितो, तोवर दुसरा मार्ग पाहू" एवढे म्हणणे त्याच्या हाती असते. ते न म्हणणे ही त्याची स्वतःची कृती ठरते. पिलाताने पाण्याने हात धुतले. आपण ते पडद्याच्या उजेडात धुऊ नयेत.

वाचकहो, "हे शिकून नोकरी लागेल का?" असे त्या मुलीच्या आईने मला विचारले. आईबापांच्या कष्टांकडे पाहता तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मात्र ही मुलगी उद्या एखाद्या खिडकीमागे बसली, तर पुढ्यातल्या म्हातारीला रिकाम्या हाताने परत पाठविण्यापूर्वी तिला ती काट मारलेली आकृती आठवावी, असे मनापासून वाटते. तिने ते पान फाडून टाकलेले नाही. आपली मुले शाळेतून घरी आली की किती गुण मिळाले, हे आपण विचारतोच, त्यासोबत "आज स्वतःची कोणती चूक सापडली?" हेही विचारून पाहावे.