सात मनात

हिंगोली तालुक्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान, आणि त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवळात त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, असे परंपरा सांगते. म्हणजे सगुणापासून निर्गुणापर्यंतची एका भक्ताची वाटचाल याच मुलखाने पाहिली. तीच वाटचाल मला अलीकडे सेनगाव तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत, पहिलीच्या वर्गात, शहाबादी फरशीवर मांडलेल्या चिंचोक्यांपाशी पुन्हा दिसली.

बाईंनी एका मुलीपुढे सात चिंचोके ठेवले; तिने एकेकाला बोट लावीत ते मोजले. आणखी दोन ठेवून "आता किती?" असे विचारताच ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. तेव्हा बाईंनी ते सात चिंचोके तळव्याखाली झाकले आणि म्हणाल्या, "सात मनात धर." मुलगी त्या झाकणाऱ्या हाताकडे पाहत राहिली, आणि मग उरलेल्या दोहोंना बोट लावून हळूच म्हणाली, "आठ, नऊ."

जे सातपण आतापर्यंत चिंचोक्यांना चिकटलेले होते, ते त्या क्षणी त्यांच्यापासून सुटे झाले. त्याला ना रंग उरला, ना आकार, आणि म्हणूनच ते सात बैलांनाही लागू पडू लागले व आकाशातील सप्तर्षींनाही. औंढ्याच्या त्या देवळातही असेच घडले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव, असे ते म्हणाले, आणि नामदेव जिथे जिथे ते पाय उचलून ठेवू लागले तिथे तिथे पिंडच प्रकटली, ही कथा आपण ऐकत आलो आहोत. एका ठिकाणी पाहिलेले सर्व ठिकाणी आहे, हे उमजणे म्हणजेच ज्ञान. मग ते पिंडीविषयी असो की साताविषयी.

अक्षरज्ञान आणि अंकज्ञान ही केवळ पोटभरू विद्या, परमार्थाशी तिचा काय संबंध, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु मुंडकोपनिषदात अंगिरस शौनकाला परा आणि अपरा अशा दोन विद्या सांगतात, व्याकरणादिकांची गणना अपरेत करतात, जिच्यायोगे अक्षरतत्त्व लाभते तिला परा म्हणतात. आणि तरीही दोन्ही विद्या जाणाव्यात, असेच तेथे म्हटले आहे. पाटीवरचा खडू पुसला जातो, पण त्याने दाखवलेले अक्षर पुसले जात नाही, हे ज्या बालकाला एकदा कळले, त्याने अविनाशी वस्तूच्या उंबरठ्यावर पहिले पाऊल टाकले, असे मी मानतो.

येथे दोन धोके संभवतात. चिंचोके फार लवकर उचलले, तर "बे दुणे चार" हा नुसता घोष उरतो, त्यात सगुणही नाही आणि निर्गुणही नाही. आणि ते कधीच झाकले नाहीत, तर बुद्धी बोटांपाशीच खिळते. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या मुलाचे सात हातातून मनात उतरण्याआधीच त्याचे दप्तर मिटते, याची खंत तर समाजाने धर्मलोपाइतकीच बाळगली पाहिजे.

तिसरीअखेर प्रत्येक मूल अर्थ समजून वाचू लागावे व त्याला संख्याज्ञान व्हावे, हा २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचा संकल्प असून त्याची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे. त्यासाठी चाचण्या होतात, आणि त्या व्हाव्यातच. मात्र त्या, संतांच्या डोक्यावर थापटून कच्चे-पक्के पारखणाऱ्या गोरोबाकाका कुंभारांच्या थापटण्यासारख्या असाव्यात. त्या थापटण्याने नामदेवांना कच्चे मडके ठरविले, परंतु त्याच निर्णयाने त्यांना विसोबांच्या पायांशी पोचविले. कच्चे मडके फोडायचे नसते, त्याला आव्याची आच द्यायची असते. आणि जे मूल मागे राहिले म्हणून तक्त्यात नोंदले जाते, त्याच्यापुढे पुन्हा फरशीवर बसून, चिंचोके मांडून, मग ते झाकून, "सात मनात धर" असे सांगणे हीच त्या नोंदीची एकमेव सार्थकता होय.