पाहुण्याचे देणे

इटलीत, रोमहून उत्तरेला शे-सव्वाशे किलोमीटरवर, चिविता दि बान्योरेजो नावाचे गाव एका तुटक्या डोंगराच्या माथ्यावर उभे आहे. वसवले एट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. आज डोळ्यांना दिसते ते बहुतेक मध्ययुगातले. दगडी कमानी, घराबाहेरून चढणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांवर फुलांच्या कुंड्या, मधोमध सान दोनातोचे चर्च आणि त्यापुढे बारीक खडीचा चौक. भोवती खोल दरी. दरीत पावसाने कोरलेल्या चिकणमातीच्या उघड्याबोडक्या, धारदार सोंडा. तिथले लोक त्यांना ‘कलांकी’ म्हणतात. आत जायचे तर १९६५ साली बांधलेल्या लांबलचक पादचारी पुलावरून, शेवटी चांगलाच दम काढणारा चढ चढून.

हे सौंदर्य कशातून आले, हे तिथे जाणाऱ्याने जाणून घ्यायला हवे. गाव ज्या दगडावर आहे तो ज्वालामुखीच्या राखेतून घट्ट झालेला, तसा मऊच. त्याखाली एका प्राचीन समुद्राच्या तळाची माती. दोन्ही अंगांनी ओढे वाहतात. पाणी खालची माती नेते, आधार सुटतो आणि वरच्या कड्याचा एखादा तुकडा घरादारासकट दरीत जातो. १६९५ च्या भूकंपानंतर बिशपची गादी आणि गावचा कारभार शेजारच्या वस्तीत, म्हणजे आजच्या बान्योरेजोत हलला. मागोमाग माणसे गेली. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथलेच. त्यांचे बालपणीचे घर ज्या जागेवर होते, ती जागाच आता उरलेली नाही. वेशीतून आत शिरले की एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत लागते. दार शाबूत आहे, वर खिडक्या आहेत आणि त्या खिडक्यांतून आकाश दिसते. मागचा वाडा केव्हाच दरीत गेला. त्या भिंतीपुढे लोक हसून फोटो काढतात.

त्या हसण्याला मी नावे ठेवत नाही. प्रवासात माणूस आनंदात असतो, असावाच. पण मध्ययुग इथे जसेच्या तसे राहिले, कारण जुने पाडून नवे बांधायला ना पैसा उरला, ना माणूस. युरोपातल्या अशा कितीतरी देखण्या गावांची हीच कथा आहे. फ्रान्समध्ये १९८२ साली सर्वांत सुंदर गावांची संघटना निघाली, तीही ओस पडत चाललेली खेडी जगावीत म्हणून. आपण ज्याला टिकून राहिलेले म्हणतो, ते बरेचदा कुणीतरी सोडून गेल्यामुळे टिकलेले असते. हे लक्षात आले की पाहणाऱ्याच्या अंगावर एक देणे येते, असे मला मनापासून वाटते.

बान्योरेजोचेच कादंबरीकार बोनाव्हेंतुरा तेक्की यांनी चिवितेला ‘मरणारे गाव’ म्हटले. घरच्या माणसाने दुःखाने म्हटलेले ते शब्द. आज तेच शब्द पर्यटकांना बोलावण्यासाठी वापरले जातात. गाव जगवायला पैसा लागतो, हे खरे. तरी दुःखाची अशी जाहिरात झालेली पाहून मला अवघडायला होते.

पैशाचे मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. २०१३ पासून चिवितेत शिरायला तिकीट आहे. सुरुवातीला दीड युरो होते, पुढे पाच झाले. गावाला तिकीट लावले की गावाचे संग्रहालय होते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. मला तो पटत नाही. वर्षाला लाखो पावले ज्या कड्यावर पडतात, तो सावरण्याचा खर्च तिथे उरलेल्या डझनभर माणसांनी करायचा का? या उत्पन्नामुळे बान्योरेजोच्या रहिवाशांवरचे नगरपालिकेचे कर उठले. पाहुण्यांच्या गर्दीचा त्रास सोसणाऱ्याला त्यातला वाटा मिळतो आहे. हा न्यायच आहे.

पण पाच युरो भरले म्हणजे देणे फिटले, असे नाही. आपल्याकडची अनेक कुटुंबे आता युरोपची सहल करतात. दहा-बारा दिवसांत पाच-सहा देश, त्यात अशा एखाद्या गावाला जेमतेम दोन तास. एवढ्या वेळात घर दिसते, घरातला माणूस दिसत नाही. कुणाच्या खिडकीत डोकावले जाते, दोरीवर वाळत घातलेले कपडेही चित्रासारखे टिपले जातात. आपल्या आळीत कुणी अनोळखी माणूस असा कॅमेरा घेऊन ओट्यावर चढला, तर आपण काय म्हणू? कुणाकडे गेलो की आपण दारात थांबतो, बसा म्हटल्यावर बसतो, घरच्यांची विचारपूस करतो. हे वळण घरी ठेवून जायचे कारण नाही. जमल्यास एक रात्र तिथे किंवा बान्योरेजोत राहावे. सकाळी गर्दीआधी दरीकडे चालत जावे, आखलेल्या वाटेनेच. त्या मातीच्या सोंडा आधीच झिजत आहेत, त्यांवर चढून त्यांना आणखी ओरबाडू नये.

आणि चौकातल्या अलेमान्नी वाड्यात भूगर्भाचे आणि दरडींचे एक छोटे संग्रहालय आहे, ते चुकवू नये. हा डोंगर कसा घडला, कसा ढासळतो, त्याला धरून ठेवायला काय काय केले जाते, हे तिथे समजते. ते पाहून बाहेर आलेल्या माणसाला ती आकाशाची खिडकी निराळी दिसेल.

जून आणि सप्टेंबरात याच चौकात गाढवांची शर्यत लागते. ‘तोन्ना’ म्हणतात तिला. पूर्वी गाढवे या गावात ओझी वाहत, ऑलिव्हचे घाणे ओढत. शर्यतीच्या दिवशी चौक भरतो, आरडाओरडा होतो, आपापल्या स्वाराच्या नावाने हाका पडतात. आपण तिथे असलो, तर कडेला उभे राहावे आणि पुढची जागा गावकऱ्यांना द्यावी.