बुडबुडे थांबले तेव्हा

रात्री अडीच वाजता जिन्याखालच्या कपाटातून मोठ्ठा आवाज आला. शेफील्डमधल्या त्या भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहायचो आणि तिघांनाही पहिल्यांदा वाटलं, चोर. कपाट उघडलं तर खाली चिकट पाण्याचं थारोळं आणि दाराच्या आतल्या बाजूला, कंबरेच्या उंचीवर, लाकडात रुतलेली काच. अर्ध्या लिटरची एक बाटली फुटली होती. उरलेल्या पस्तीस शाबूत होत्या आणि त्यांच्यासमोर आम्ही अनवाणी उभे होतो.

बियर मी केली होती. (इंग्लंडमध्ये घरी, घरच्यापुरती बियर करायला १९६३पासून परवाना लागत नाही. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, हे वाचून उत्साहाने कामाला लागू नका.) मॉल्टचं गोड पाणी हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. वायू झाकणावरच्या एअरलॉकमधून बुडबुडत बाहेर पडतो. पहिले चार दिवस माझा डबा एखाद्या तापट म्हाताऱ्यासारखा पुटपुटत होता. दहाव्या दिवशी गप्प झाला. मी म्हटलं, झाली.

खरं म्हणजे बुडबुडे फारसं काही सांगत नाहीत. झाकण सैल असेल तर वायू दुसरीकडून निघून जातो आणि एअरलॉक मुका राहतो. उलट खोली गरम झाली, तर सगळं संपल्यावरही पाण्यात विरघळलेला वायू दोन दिवस बुडबुडत राहतो. म्हणून हायड्रोमीटर असतो. साखरेचं पाणी जड, अल्कोहोल हलकं, त्यामुळे आंबवण जसजसं पुढे सरकतं तसतशी ती काचेची नळी खोल बुडत जाते. माझ्याकडे ती होती. पहिल्या दिवशी आकडा होता १.०५०. दहाव्या दिवशी १.०१८. पाककृतीत लिहिलं होतं, १.०१२पर्यंत उतरेल.

यापुढचं सांगायची लाज वाटते. मी तो १.०१८ पाहिला. आणि मग स्वतःला सांगितलं की नळी स्वस्तातली आहे. प्रकाश नीट नव्हता. शेवटच्या सहा घरांनी काय बिघडतं? ऑफिसातल्या एका दादांना चार बाटल्या कबूल केल्या होत्या आणि त्यांच्याकडचं जेवण जवळ आलं होतं.

सहा घरांनी बरंच बिघडतं. साधारण हिशोब असा की प्रत्येक घरामागे लिटरभर बियरमध्ये अर्धा लिटर वायू तयार होतो. म्हणजे तीन लिटर जास्तीचा. फेसासाठी बाटलीत मुद्दाम घातलेल्या साखरेचा वेगळा. एरवी अडीच लिटरच्या आसपास असतो, माझ्या बाटल्यांत तो साडेपाचकडे निघाला होता. यीस्ट संपलं नव्हतं, झोपलं होतं. नोव्हेंबर होता आणि बिलाच्या भीतीने आम्ही दिवसभर हीटर बंद ठेवायचो. जिन्याखालून मात्र गरम पाण्याचा पाइप जात होता. तिथे ते जागं झालं.

मग आठवलं, चार बाटल्या दादांकडे आहेत आणि त्यांची मुलगी दोन वर्षांची आहे. फोन चौथ्यांदा लावल्यावर उचलला गेला. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून त्यांनी बाटल्या मागच्या शेडमध्ये, थंडीत ठेवल्या होत्या. हात लावू नका, शेडचं दार बंदच ठेवा, एवढं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, फुटली नाही ना इथे? मग झालं तर. झोप आता."

मला झोप आली नाही. विल्यम क्लिफर्ड नावाच्या गणितज्ञाचा १८७७चा एक निबंध आहे, विश्वास ठेवण्यातल्या नीतीवर. त्यात एक जहाजमालक येतो. जहाज जुनं आहे हे त्याला माहीत असतं, शंका येतात, त्या तो एकेक करून बाजूला सारतो आणि मनापासून निश्चिंत होऊन माणसांनी भरलेलं जहाज रवाना करतो. ते बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहेच. पण पुढे म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो तेवढाच दोषी असता. (क्लिफर्ड स्वतः १८७०मध्ये सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. त्याला हे उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नसणार.) दादांनी मला माफ केलं ते शेडमधल्या थंडीच्या भरवशावर. त्या थंडीचं श्रेय मी कसं घेणार?

तरी क्लिफर्डशी माझं एका जागी अडतं. पुरेसा पुरावा असल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हे कबूल. पुरेसा म्हणजे किती? बियरवाले सांगतात, दोन-तीन दिवसांच्या अंतराने आकडा तोच आला पाहिजे. माझ्या डब्यातला आकडा तीन दिवसच काय, थंडी असेपर्यंत १.०१८च आला असता. न बदलणारा आकडा थांबल्याचा पुरावा आहे, संपल्याचा नाही. त्यावर तोडगा आहे: ग्लासभर बियर वेगळी काढायची, त्यात भरपूर यीस्ट घालून उबेत ठेवायची. ती दोन दिवसांत जिथे उतरेल, तिथे बाकीची आज ना उद्या उतरणार. पण यीस्टच्या काही जाती अशाही आहेत, की इतरांना न पचणारी साखर त्या आठवडेच्या आठवडे हळूहळू खात बसतात. म्हणजे शंभर टक्के कधीच नाही आणि झाकण तर कधीतरी लावायचंच आहे.

आई इडलीच्या पिठाकडे नुसतं बघून सांगते, आलं. हायड्रोमीटर वगैरे काही नाही. तिचं चुकलं तर इडल्या दडस होतात आणि आम्ही त्या सांबारात बुडवून खातो. तिला तेवढा पुरावा पुरतो, कारण चुकीची किंमत तेवढीच आहे आणि ती तिच्याच घरात वसूल होते. मला वाटतं, किती पुरावा पुरेसा हे डब्यातल्या पाण्यावरून ठरतच नाही. बाटलीशेजारी कोण उभं राहणार आहे, त्यावरून ठरतं. कपाटातल्या पस्तीस बाटल्या माझ्या एकट्याच्या असत्या, तर तो १.०१८ निव्वळ मूर्खपणा ठरला असता. त्या घरात आणखी दोघं झोपत होते. आणि चार बाटल्या दारावरची घंटा वाजवून, हसत हसत मी दुसऱ्याच्या घरात ठेवून आलो होतो.

सकाळी जाड कोट, ओव्हनचे हातमोजे आणि एका रूममेटचा पोहायचा चष्मा घालून सगळ्या बाटल्या अंगणात नेल्या आणि टॉवेलखाली एकेक उघडली. चव, वाईट वाटतं सांगायला, छान होती.

आता प्रत्येक खेपेची एक बाटली मी प्लास्टिकची भरतो. ती रोज दाबून बघायची. दगडासारखी झाली की काचेच्या बाटल्यांत काय चाललंय ते कळतं. पण त्याआधी नळी. दादांचा काल मेसेज आला, "झाली का रे?" मी कळवलं, मंगळवारपासून १.०१२वर आहे, उबेतला ग्लासही तिथेच थांबलाय, शनिवारी परत बघतो.