आश्रिताला अभय

घरधनी दाराला कुलूप लावून कामाला निघतो आणि थोड्याच वेळात आतून पाळीव कुत्र्याचे विव्हळणे ऐकू येऊ लागते. सायंकाळी परतून पाहावे तो दार नखांनी ओरबाडलेले, चपला कुरतडलेल्या आणि खोलीत लघवी केलेली. शेजारीही तक्रार घेऊन येतात. मग घरधनी संतापून काठी उचलतो. अशा वेळी अपराधी कोण, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु धर्मविचाराच्या दृष्टीने तो तसा नाही.

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्राजवळ तिचा पुत्र आला असता राजाच्या भावांनी त्याला मारले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमेने जाब विचारला, तेव्हा कोणाजवळही उत्तर नव्हते. निरपराध्याला मारल्याबद्दल तुमच्यावर अकल्पित भय ओढवेल, असे सांगून ती निघून गेली.

यावर कोणी म्हणेल, की त्या पिलाने काहीच केले नव्हते. येथे तर चपला प्रत्यक्ष कुरतडलेल्या आहेत. हे खरे. परंतु कृती झाली म्हणजे अपराध झालाच असे नाही. कृतीमागील हेतूही पाहावा लागतो. पशुवैद्य सांगतात, की असे कुत्रे माणसांच्या सहवासात शांत असते. धन्याने किल्ल्या उचलल्या, पायताण घातले, की त्याची तगमग सुरू होते. हा खोडसाळपणा नसून विरहाचे भय आहे. 'पण मी येताच ते मान खाली घालते, म्हणजे त्याला चूक कळते,' हा समजही टिकत नाही. 2009 साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने केलेल्या प्रयोगात असे आढळले, की कुत्र्याची ती ओशाळलेली मुद्रा त्याने केलेल्या आगळिकीवर नव्हे, तर धन्याच्या रागावण्यावर अवलंबून असते. तेव्हा काही तासांनी दिलेल्या शिक्षेने भयात भयाचीच भर पडते.

मग कुत्र्याला कधी एकटे सोडूच नये काय? युधिष्ठिराने सोबत आलेल्या श्वानावाचून स्वर्गही नाकारला, हे आपण जाणतो. परंतु त्याने नाकारला तो आश्रिताचा त्याग होय. वियोग आणि त्याग एक नव्हेत. संसारी माणसाला उद्योगासाठी बाहेर जावेच लागते. 2020 सालच्या टाळेबंदीत घरे दिवसभर भरलेली असत. पुढे कचेऱ्या व शाळा उघडल्या आणि त्या सहवासाला सवकलेली कित्येक कुत्री एकाएकी एकटी पडली. गेलेला माणूस परत येतो, हे त्या मुक्या जीवाला उपजत ठाऊक नसते. ते त्याला शिकविणे हेच आपले कर्तव्य.

हे शिक्षण सावकाशीचे आहे. किल्ल्या उचलाव्या आणि बाहेर न जाता पुन्हा बसावे. मग क्षणभर दाराआड जाऊन परत यावे. कुत्रे शांत राहील तितकाच अवधी हळूहळू वाढवावा. जाताना व येताना लाडांचा गाजावाजा करू नये. निघण्यापूर्वी त्याला चांगले फिरवून आणावे आणि चघळण्यास काही द्यावे. शिकवणी पुरी होईपर्यंत घरातील वा शेजारचे कोणी सोबतीस ठेवावे. भय फारच तीव्र असल्यास, किंवा वृद्ध कुत्र्यात असा बदल अकस्मात दिसल्यास, पशुवैद्याला दाखवावे. कारण कधी मूळ शारीरिक व्याधीत असते, आणि कधी शिक्षणाच्या जोडीला औषधही लागते.

ज्याच्यापाशी एवढा वेळ व धीर नाही, त्याने कुत्रे पाळू नये. त्यात कोणताही दोष नाही. परंतु एकदा उंबऱ्याच्या आत घेतलेल्या जीवाला त्याच्या भयापायी मारणे, अथवा कंटाळून रस्त्यावर सोडून देणे, हा मात्र आश्रयाचा भंग होय. अन्न देणे सोपे आहे. अभय देण्यास रोज थोडे स्वतःला आवरावे लागते. उद्या कुलूप उघडताना हात काठीकडे वळला, तर क्षणभर थांबून एवढेच विचारावे, की सरमेने येऊन जाब विचारला तर आपण काय उत्तर देऊ?