अस्तेय आणि रेशनचा तांदूळ

पतंजलींनी योगातील यमांमध्ये, म्हणजे संयमाच्या नियमांमध्ये, गणलेले अस्तेय, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे न घेणे, हे व्रत सहसा व्यक्तीपुरते मानले जाते. परंतु सार्वजनिक धनाची चोरी ज्यांच्यादेखत होते त्या नागरिकांवरही त्याचे बंधन येते का, हा प्रश्न छत्तीसगडच्या अनुभवातून ठळकपणे उभा राहतो.

या राज्याने 2004 मध्ये रास्त भावाची दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे सोपवली. धान्य वाहणारे ट्रक पिवळ्या रंगाने रंगवले, जेणेकरून ते आडवाटेला वळल्यास कोणाच्याही नजरेस यावेत. त्यामुळे गळती, म्हणजे लाभार्थ्यापर्यंत न पोहोचणारे धान्य, बरीच कमी झाली. तरीही फेब्रुवारी 2015 मध्ये रायपूर येथील नागरी पुरवठा महामंडळाच्या कार्यालयांवर छापे पडले आणि निकृष्ट तांदूळ स्वीकारण्यासाठी लाच घेतली जात असल्याचे आरोप पुढे आले.

यावरून असे दिसते की, ज्या पायरीवर लोकांची नजर पोहोचते तेथे भ्रष्टाचाराला आळा बसतो, आणि जेथे खरेदीचे निर्णय बंद दाराआड होतात तेथे त्याला वाव राहतो. माहितीचा अधिकार कायदा, 2005 आणि सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांनी ग्रामसभेत केलेली हिशेबतपासणी, ही ती नजर वरच्या पायऱ्यांपर्यंत नेणारी साधने आहेत. म्हणून हिशेब मागणे हा केवळ हक्क नसून अस्तेयाचाच सामाजिक आचार आहे. भुकेल्याच्या वाट्याचे धान्य लुटले जात असताना पाळलेले मौन निर्दोष ठरत नाही.